दुकानात बाबासाहेबांचा फोटो लावू का?

जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले गाव. संत रामदासांचे जन्मगाव म्हणून त्याची ओळख. या गावाच्या परिसरात मागच्या उन्हाळ्यात छोट्या व्यावसायिकांसाठी एक दिवसाचे मोफत शिबिर झाले. विषय होता ‘नेतृत्व आणि व्यवस्थापन’. मी बचत गटांचे काम करते, म्हणून आमच्या गटातल्या चौघीजणींना घेऊन गेले. किराणा, शिलाई, पिठाची गिरणी, मोबाईल दुरुस्ती, शेळीपालन असे धंदे करणारी तीस-चाळीस माणसे होती. सकाळचे सत्र दासबोधातल्या व्यवस्थापनावर होते, दुपारचे बँकेच्या कर्जावर.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. त्याला गावात चहा-नाष्ट्याचे हॉटेल टाकायचे होते. त्याने विचारले, “सर, हॉटेलात बाबासाहेबांचा फोटो लावू का?”

सर क्षणभर थांबले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “धंद्यात समाजकारण आणायचं नाही. गिऱ्हाईक सगळ्या विचारांचं असतं. भिंत मोकळी ठेवावी.”

सरांच्या मागे बॅनर होता आणि त्यावर समर्थांचे मोठे चित्र होते. ते समाजकारण नव्हते, ती ‘आपली संस्कृती’ होती. पोरगा खाली बसला. पण त्याने जे विचारले होते, ते फोटोपुरते नव्हते. त्याला विचारायचे होते, “माझी जात कळली तर गावातला माणूस माझ्या हातचा चहा पिईल का?” या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीच्या कोणत्याच सत्रात नव्हते. ते आपल्या इतिहासात आहे, म्हणून हा लेख.

दासबोधात काय आहे आणि काय नाही

आधी प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करू. वीस दशक आणि दोनशे समासांच्या दासबोधात कामाच्या गोष्टी आहेत. आळस सोडा, प्रपंच नेटका करा, अक्षर चांगले काढा, माणसे जोडा. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर केवळ लेखनाच्या शिस्तीवर आहे. वही नीट ठेवायची सवय कोणाला त्यातून लागली, तर आपली तक्रार असायचे कारण नाही.

पण व्यवस्थापनाच्या नावाने एखादा ग्रंथ विकायचा असेल, तर तो पूर्ण वाचायला हवा. पाचव्या दशकाच्या पहिल्याच समासात गुरू कोणाला मानावे याची चर्चा आहे. तिथे भूमिका स्पष्ट आहे. सगळ्यांचा गुरू ब्राह्मण, तो क्रियाहीन झाला तरी त्यालाच अनन्यभावाने शरण जावे. चौदाव्या दशकात, युगधर्म सांगताना, खालच्या समजल्या गेलेल्यांकडे गुरुपद गेल्याबद्दल खंत आहे.

आता ही ओवी शिबिराच्या भाषेत मांडून पाहा. कामात शून्य असला तरी साहेब तोच राहणार, कारण तो त्या घरात जन्मला. ज्याच्या अंगी गुण आहे त्याला बढती मिळाली तर संस्था बुडाली असे समजायचे. जगातल्या कोणत्या व्यवस्थापनशास्त्रात हा नियम बसतो? सतराव्या शतकातल्या माणसाला एकविसाव्या शतकाचे निकष लावू नका, असे कोणी म्हणेल. मान्य. मग सतराव्या शतकातला ग्रंथ एकविसाव्या शतकातल्या दुकानदाराला अडचणीची पाने वगळून का शिकवता? वगळलेल्या पानांचा भार त्या मागच्या रांगेतल्या पोरावर पडतो. जन्मावरून माणसाची लायकी ठरते, हा विचार आजही त्याच्या हॉटेलच्या दारात उभा असतो आणि गिऱ्हाईक परत पाठवतो.

पैठणच्या गंधिकाचे नाव

व्यापार-व्यवस्थापनाची परंपरा शोधायचीच असेल, तर जांबहून फार लांब जायला नको. गोदावरीच्या काठाकाठाने वर गेले की पैठण, म्हणजे जुने प्रतिष्ठान. कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांतल्या एका लेखात पैठणच्या गंधिक कुळातल्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, मितदेवाने खांब दान दिल्याची नोंद आहे. तिथल्या एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. अत्तर विकणारा आणि सोने घडवणारा, दोघांचीही नावे धंद्यासकट दगडात कोरलेली. कोणी त्यांना सांगितले नाही की धंद्यात नाव आणू नका.

नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख तर छोट्या व्यावसायिकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. त्याने 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून गुंतवले. सावकाराकडे नाही, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. 2000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, 1000 दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. 2000 वरच्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. हिशेब करून पाहा. महिन्याला 20, वर्षाला 240, वीस जणांना बारा-बारा. एक कार्षापण इकडे तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि त्याची नोंद झाली.

म्हणजे त्या काळी विणकरांची संघटना ही बँक होती. राजाचा जावई तिच्याकडे पैसे ठेवत होता. तेव्हा सगळीकडे समता नांदत होती, असे मला म्हणायचे नाही. वर्णव्यवस्था होतीच, याच उषवदाताने ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिली आहेत. मुद्दा एवढाच की कारागिराच्या शब्दावर आणि हिशेबावर भांडवल विश्वास ठेवत होते. पुढे जात जसजशी घट्ट झाली, तसतसे कारागिराकडे हात उरले आणि पत गेली.

बुद्धाने व्यापाऱ्याला काय सांगितले, तेही पाहू. अंगुत्तर निकायातल्या पापणिक सुत्तात दुकानदार यशस्वी व्हायला तीन गुण लागतात असे म्हटले आहे. एक, त्याला डोळे हवेत. माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला, गुंतवले किती, सुटले किती, हे त्याला दिसले पाहिजे. दोन, खरेदी-विक्रीत तो कुशल हवा. तीन, त्याला आधार हवा. पैसेवाल्यांना खात्री वाटली पाहिजे की हा माणूस धंदा करील, बायकामुले पोसील आणि आपले पैसे वेळच्या वेळी फेडील. त्याच्या शेजारचे सुत्त सांगते की जो दुकानदार सकाळ, दुपार, संध्याकाळ मन लावून काम करत नाही, त्याच्याकडे संपत्ती येत नाही आणि आलेली वाढत नाही.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन धंद्यात, चौथा अडीनडीसाठी बाजूला. मालकाने नोकराशी कसे वागावे, तेही तिथेच आहे. ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि पगार द्यावा, आजारपणात काळजी घ्यावी, घरात काही चांगले झाले तर त्याचा वाटा द्यावा, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. आपल्या राज्यात हीच सुट्टी मिळवायला सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणी कामगारांची संघटना बांधून झगडावे लागले आणि 1890 साली रविवारची सुट्टी पदरात पडली. आपल्यापैकी किती दुकानदार आपल्या पोऱ्याला आठवड्याची सुट्टी देतात? हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे.

पापणिक सुत्तातले पहिले दोन गुण शिकता येतात. अडचण तिसऱ्याची आहे. आधार, म्हणजे पत, ही एकट्याच्या गुणावर मिळत नाही. ती समोरच्याने द्यावी लागते. आणि समोरचा आधी आडनाव विचारतो.

ठेकेदार जोतीराव

जोतीराव फुले आपल्याला शाळेचे संस्थापक म्हणून माहीत आहेत. ते व्यावसायिक होते, हे आपण विसरतो. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे ठेकेदार अशी करून दिली. 1863 साली त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला. 1870 च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकामाचे साहित्य पुरवले. मांजरीला त्यांची शेती होती.

या धंद्याचा आणि चळवळीचा संबंध सरळ आहे. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर असते, त्याला खरे बोलणे परवडत नाही. जोतीरावांना ते परवडले. आणि त्याच हंटर आयोगाला त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध लेखनवाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचे ज्ञान शिकवा. बहुजनांच्या पोराला हिशेब आला पाहिजे, हा आग्रह शिक्षणतज्ज्ञाचा होता तसाच ठेकेदाराचाही होता. हिशेब न येणारा माणूस कसा लुबाडला जातो, हे त्यांनी कामाच्या जागी डोळ्यांनी पाहिले होते.

गंगाराम कांबळे यांचा चहा

आता त्या पोराच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी शहरात चहाचे हॉटेल काढले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

महाराजांनी काय केले? गंगारामांना जाहिरातीचे तंत्र शिकवले नाही, की ‘ग्राहकाशी गोड बोला’ असा सल्ला दिला नाही. ते स्वतः हॉटेलसमोर गाडी थांबवू लागले, गंगारामांकडून चहा मागवून पिऊ लागले आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांना, सरदारांना प्यायला लावू लागले. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

दोष मालात नव्हता, मालकात नव्हता, बाजारात होता. महाराजांनी बाजार दुरुस्त केला. नेतृत्वाची इतकी स्वच्छ व्याख्या मला कोणत्या पुस्तकात सापडलेली नाही. पण यातला दुसरा अर्थही लक्षात घ्या. एक कप चहा विकायला राजाला रस्त्यावर उतरावे लागले. राजा नसेल तिथे काय करायचे?

बाबासाहेबांची बुडालेली पेढी

राजा नव्हता तिथे काय झाले, हे बाबासाहेबांच्या आयुष्यात दिसते. 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सोडावी लागली आणि ते मुंबईला परतले. पोट भरायला शिकवण्या केल्या. मग शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी काढली. आजच्या भाषेत हा त्यांचा स्टार्टअप होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस शेअरवर सल्ला देतोय म्हटल्यावर लोक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक आटले. पेढी बंद झाली.

या घटनेवर थोडे थांबा. शिबिरात सांगतात, ज्ञान वाढवा, दर्जा ठेवा, यश आपोआप येते. त्या वेळच्या मुंबईत बाबासाहेबांइतके अर्थशास्त्र शिकलेली माणसे किती असतील? दर्जा होता, ज्ञान होते, मेहनत होती. नाव कळले आणि सगळे शून्य झाले.

व्यापारात नाव हेच भांडवल असते. ‘अमक्याचा चिवडा’, ‘तमक्याचे दुकान’ म्हणून लोक येतात. बाप नाव कमावतो, पोरगा ते वापरतो. जातीने आपल्याकडून जमीन घेतली, विद्या घेतली, हे आपण नेहमी बोलतो. तिने आपले नावही घेतले, हे बोलत नाही. आपल्या माणसाला धंदा करायचा तर पहिला सल्ला मिळतो तो आडनाव पाटीवर टाकू नको, फोटो लावू नको, कोणाचा हे कळू देऊ नको. म्हणजे सर्वांत मोठे भांडवल पेटीत बंद ठेवून दुकान उघडायचे. असा व्यापारी कितीही राबला तरी त्याचे नाव होत नाही, कारण त्याने नावच दिलेले नसते.

पेढी बुडाल्यावर बाबासाहेब रडत बसले नाहीत. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. लोक म्हणत होते, शेत लहान आहे म्हणून परवडत नाही, मोठे करा. बाबासाहेबांचे म्हणणे असे की शेत परवडते की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे, माणूसबळ किती जोडलेले आहे, त्या प्रमाणावर ठरते. भांडवल तुटपुंजे असताना जमीन वाढवली तर तोटाच वाढेल. हे आपल्या दुकानाला जसेच्या तसे लागू आहे. हातात खेळते भांडवल पन्नास हजार असताना कर्ज काढून मोठा गाळा घेणारे आणि दोन वर्षांत शटर ओढणारे किती तरी जण मी पाहिले आहेत. दुकान लहान असणे हा दोष नाही. दुकान आणि भांडवल यांचा मेळ नसणे हा दोष आहे.

1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी याच्या मुळाशी हात घातला. जात म्हणजे कामाची विभागणी, असे तिचे समर्थक म्हणतात. बाबासाहेबांनी दाखवले की ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. माणसाच्या आवडीला, कुवतीला तिथे जागा नाही. धंदा बुडाला तर दुसरा धरता येत नाही, म्हणून बेकारी. व्यवस्थापनाच्या दृष्टीने जात ही जगातली सर्वांत नालायक भरती पद्धत आहे.

महाडची शिधासामग्री

बाबासाहेबांचे संघटन आपण भाषणांवरून ओळखतो. त्यामागचे व्यवस्थापन पाहत नाही. मार्च 1927 च्या महाड परिषदेत आलेल्या लोकांसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला तर गावातल्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचे नाकारले आणि मंडपाला हिंदू मालकाची जागा मिळेना. जागा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. धान्य बाहेरून आणून दहा दिवस पुरेल इतका साठा आधीच केला गेला. हजारो माणसांची परिषद संपूर्ण बाजार विरोधात असताना पार पडली. आधी अडचण ओळखली, पर्यायी पुरवठा उभा केला, जातीबाहेरचे मित्र जोडले. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते कामात होते. एकट्याच्या बळावर बहिष्कार मोडत नाही.

वर्तमानपत्रांचा इतिहासही तसाच शिकवणारा आहे. शाहू महाराजांच्या 2500 रुपयांच्या मदतीवर 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाले. त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला. बाबासाहेब त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे पत्र चालले नाही. 1927 च्या ‘बहिष्कृत भारत’मध्ये माणसे आणि पैसा नसल्याने चोवीस-चोवीस रकाने ते एकट्याने लिहीत. तेही 1929 साली बंद पडले. पत्रे दोनदा बंद पडली, कारण सगळा भार एका माणसावर होता. पुढे त्यांनी संस्था बांधली. 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 चे सिद्धार्थ महाविद्यालय, 1950 चे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या आपल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर मिलिंदमधून निघाला. बाबासाहेब 1956 साली गेले, संस्था राहिली. मालक आठवडाभर आजारी पडला तर दुकान चालते का, हीच व्यवस्थापनाची परीक्षा.

मग फोटो लावायचा की नाही?

आज काही बाबतींत आपण गंगाराम कांबळ्यांच्या पुढे आहोत. संविधानाने अस्पृश्यता रद्द केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून आला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा वेगळा कायदाही आहे. 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करायची आहे. 2016 च्या स्टँड-अप इंडिया योजनेत 2025 पर्यंत 10 लाख ते 1 कोटी रुपयांचे कर्ज होते. 2005 साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे ‘डिक्की’ उभे केले.

पण गावातल्या हॉटेलचे दुखणे कायद्याच्या कलमात बसत नाही. बहिष्काराची दवंडी दिली तर गुन्हा होतो. कोणीच काही न बोलता समोरच्या हॉटेलात गेले, तर गुन्हा कोणावर दाखल करणार? शिलाई, मोबाईल, वेल्डिंग यांत आपली माणसे टिकतात. चहा, दूध, नाष्टा यांत जात अजून जिभेवर बसलेली आहे.

म्हणून मी त्या पोराला जे सांगितले, तेच इथे लिहिते. शिबिर संपल्यावर आम्ही बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो.

पहिले, फोटो लपवून धंदा चालेल ही समजूत सोड. गावात जात भिंतीवरून कळत नाही, ती आधीच माहीत असते. फोटो काढल्याने गिऱ्हाईक येणार नाही, फक्त तुझी मान खाली जाईल.

दुसरे, नुसता फोटो लावून धंदा चालेल हीसुद्धा समजूत सोड. बाबासाहेबांच्या फोटोखाली कळकट ग्लास आणि अर्धवट हिशेब असेल, तर तो अपमान आपणच करतोय. ‘आपला माणूस आहे’ म्हणून उधारी मागणारेही आपलेच असतात. वही ठेव, घरचा आणि दुकानाचा गल्ला वेगळा ठेव, चौथा भाग बाजूला काढ.

तिसरे, जागा विचार करून निवड. गावच्या पारापाशी हॉटेल टाकण्यापेक्षा फाट्यावर टाक. तिथे एसटीची, ट्रकची, परगावची माणसे थांबतात. भुकेल्या वाटसरूला चव कळते, आडनाव कळत नाही. बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हटले, त्यात हाही अर्थ होता.

चौथे, एकटा राहू नको. राजा नसेल तिथे श्रेणी लागते. आमच्या बचत गटातल्या बायका हप्ता चुकवत नाहीत, म्हणून बँक त्यांना दारात उभी करते. पापणिक सुत्तातला तिसरा गुण तो हाच. पत एकट्याला मिळत नाही, गटाला मिळते. आणि गट फक्त आपल्या पोटजातीचा करू नको. मांग, महार, चांभार, वडार, मुस्लिम, कुणबी, ज्याला हिशेब आणि शब्द पाळायचा आहे तो आपला. कामाला माणूस ठेवताना आपणच जात पाहिली, तर पाचव्या दशकातली ती ओवी आपण पुन्हा लिहिली असे होईल.

पाचवे, ज्यांच्याकडे आज थोडीफार सत्ता आहे त्यांनी शाहू महाराजांचे काम करावे. आपले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले साहेब, प्राध्यापक जयंतीला वर्गणी देतात. वर्षातून एकदा पाचशे रुपये देण्यापेक्षा रोज आपल्या पोराच्या हॉटेलात चहा प्या, आणि आपल्या सवर्ण सहकाऱ्यांना बरोबर न्या. तेच खरे अभिवादन.

पोराने सगळे ऐकले आणि म्हणाला, “ताई, मग पाटीवर काय लिहू?”

मी म्हटले, “तुझं नाव लिही. आडनावासकट.”

पैठणच्या मितदेवाने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले होते. ते अजून वाचता येते.

जय भीम.